डावीकडचे उस्ताद

परवा गारखेड्यातल्या किराणा दुकानात मालकाच्या वडिलांनी अडकित्त्याने सुपारी फोडली. ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. हातात साबुदाण्याची पिशवी, समोर बिस्किटांचे पुडे आणि मी ब्रेक मारून उभी. दुकानदाराने विचारलं, पायात गोळा आला का मॅडम. मी हो म्हटलं. खरं कारण सांगायचं तर त्याला अर्धा तास समोर बसवून ठेवावं लागलं असतं, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने माणसांचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

कारण मी अध्यापक विद्यालयात शिकवते. म्हणजे उद्या जे शिक्षक होणार त्यांना, माणूस शिकतो कसा, हे शिकवते. अभिसंधान हा माझा हातखंडा विषय. घंटा वाजवून कुत्र्याला खायला देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता तो कुत्राही कंटाळला असेल. माझ्या टिपा मुलं झेरॉक्स करून पुढच्या वर्गाला देतात. त्यातून कोणी काही शिकलं असा पुरावा अजून हाती आलेला नाही. मी स्वतः मात्र शिकले, तेही वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, खरात उस्तादांकडे. त्या प्रयोगात शास्त्रज्ञ उस्ताद होते आणि कुत्रा मी.

आमचं विद्यालय फुलंब्रीला. रोज जीपमध्ये पाचजणांच्या जागेत नवव्या क्रमांकावर बसून जाण्याचा कंटाळा आला आणि मी गाडी शिकायचं ठरवलं. गारखेड्यात गाडी शिकवणारे बरेच. कोणाची पाटी पंधरा दिवसांत शिकवण्याची हमी देत होती, कोणाची दहा. एका पाटीवर फक्त ‘सावकाश मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ एवढंच लिहिलेलं होतं. मला आधी वाटलं की रंगाऱ्याने रस्त्याकडेची सूचना चुकून शाळेच्या पाटीवर रंगवली. ते शाळेचं नावच होतं, आणि धोरणही.

उस्ताद साठीला आलेले, काटकुळे, पांढऱ्या सदऱ्याची बटणं मनगटापर्यंत लावलेले. आमच्या शहरात गाडी शिकवणाऱ्याला सर म्हणत नाहीत, उस्ताद म्हणतात, मग तो कितीही बेताचा असो. हे बेताचे नव्हते. सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी गेलं की ते गाडीत डावीकडच्या सीटवर आधीच बसलेले असायचे. गुडघे जुळवलेले, मांडीवर पानाचा बटवा, हातात अडकित्ता. “जयभीम मॅडम. काढा गाडी,” एवढं म्हणायचे. सकाळी गाडी घरापासून मैदानावर न्यायची ती पहिल्या शिकाऊने आणि संध्याकाळी परत आणायची ती शेवटच्याने. याला ते मान म्हणायचे. आम्हीही तो मान समजून रिक्षावाल्यांच्या शिव्या खात मैदानापर्यंत जायचो.

इतर उस्ताद शिकवताना ओरडतात. शिकाऊच्या सात पिढ्यांच्या अकलेचा उद्धार करतात आणि मग तो घाबरतो म्हणून परत ओरडतात. खरात उस्तादांचा आवाज काचेबाहेर कधी गेला नाही. त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, शिकवायच्या गाड्यांना असतो तसा. पहिले तीन दिवस आपण चुकलो की दोन गोष्टी एकदम व्हायच्या. अडकित्त्यात सुपारी कट्ट करून फुटायची आणि त्यांच्या पायाने गाडी गचका खाऊन थांबायची. कट्ट, गचका. कट्ट, गचका. चौथ्या दिवशी ते पाय आखडून घ्यायचे. नुसतं कट्ट व्हायचं आणि आपला पाय ब्रेकवर गेलेला असायचा. कोणी पाठवला हे आपल्याला कळायचंही नाही. मला हे तिसऱ्या आठवड्यात समजलं. बावीस वर्षं फळ्यावर ज्या कुत्र्याचं चित्र काढलं त्याच्या जागी आपण बसलो आहोत हे समजायला तज्ज्ञ माणसाला एवढा वेळ लागायचाच.

गंमत म्हणजे फोडलेली सुपारी ते स्वतः खायचे नाहीत. एका डबीत साठवायचे आणि ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्याला आठवड्याने द्यायचे. माझ्या सासऱ्यांना मी किती चुकते ते डबीच्या वजनावरून कळायचं. त्यांना माझी प्रगती बघवत नव्हती असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या तुकडीत आम्ही तिघं होतो. मी, पुंगळे आणि नसीमआपा. पुंगळे फुलंब्रीकडचे, घरची बक्कळ जमीन, स्वतः शहरात विमा कंपनीत नोकरीला. ट्रॅक्टर चालवता येतो म्हणजे सगळंच येतं या समजुतीवर ते गाडीत बसायचे आणि ट्रॅक्टरसारखंच स्टिअरिंग अंगाने ओढायचे. नसीमआपांचा डब्यांचा धंदा. त्यांना डबे पोचवायला छोटी व्हॅन घ्यायची होती. एक जण चालवायचा तेव्हा उरलेल्या दोघांनी मागे बसून बघायचं, हा उस्तादांचा कायदा. पुंगळ्यांनी पहिल्या दिवशी विचारलं की मागं बसून काय शिकायचं. उस्ताद म्हणाले, “पाटील, स्वतःची चूक कळाया लई दिस लागत्यात. शेजाऱ्याची लगेच कळती. तिच्यावर शिका.” दुसऱ्याच्या चुका पाहण्यात माणसाचं मन जसं रमतं तसं कशातच रमत नाही. आम्ही मागे बसून फार लवकर शिकलो.

मैदानावर सुलतान नावाचा एक पिवळट कुत्रा होता. तो कायम शिकाऊंसाठी जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्याच्या बरोबर मध्ये झोपायचा. शहरातले बाकीचे कुत्रे गाडी आली की उठतात. सुलतान लाल ‘एल’ची गाडी दिसली की फक्त एक कान उचलायचा. अडकित्ता वाजला की कान खाली टाकून पुन्हा झोपायचा, कारण त्या आवाजानंतर गाडी थांबते हे त्याने बघून बघून पाठ केलं होतं. आमच्या विद्यालयातल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा त्याचं निरीक्षण पक्कं होतं आणि झोप तेवढीच.

हे शिक्षण एकदा अंगी लागलं की सुटायचं नाही. पुंगळ्यांना लायसन मिळालं आणि त्यांच्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाची गाडी चालवायचा आग्रह त्यांनी स्वतःच धरला. फुलांनी मढवलेली गाडी, मागे नवरदेव, पुढे शेजारी नवरदेवाचे थोरले मामा. मामांनी निवांत चंची सोडली आणि सुपारी फोडली. गाडी जागच्या जागी उभी. मागून बँडवाले डिक्कीवर. मामांनी विचारलं काय झालं, पुंगळे म्हणाले काही नाही, आणि गाडी निघाली. मामांनी दुसरी सुपारी काढली. घर ते मंगल कार्यालय एवढ्या अंतरात नवरदेवाचा फेटा चार वेळा पुढच्या सीटवर आला. शेवटी पुंगळ्यांनी हात जोडून मामांना सांगितलं, “मामा, पाया पडतो, पान खाऊ नका.” मामा रुसले. त्या लग्नात मानपान काढायला एवढं पुरलं. हे सगळं पुंगळ्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि उस्तादांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. तोंडावर हात ठेवून, जणू हसण्यालाही ब्रेक असावा.

उस्ताद स्वतः कधी गाडी चालवत नाहीत हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. निरीक्षणाबद्दल मी वर जे काही लिहिलं ते या वाक्याच्या उजेडात पुन्हा वाचावं. ते मला एका वरातीमुळे कळलं. दुपारचा तास होता. मी एका कार्यालयाच्या फाटकापाशी गाडी अशी अडकवली की पुढे वरात, मागे मंडपाचा टेम्पो आणि एका बाजूला नाला. घोडी माझ्या बॉनेटमध्ये तोंड बघत होती. मी चाव्या तशाच ठेवून खाली उतरले आणि म्हटलं, उस्ताद, तुम्हीच काढा, माझ्याने होत नाही.

ते उतरले. गाडीला वळसा घालून उजवीकडे आले. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बटणं लावलेल्या सदऱ्याची पाठ बघता बघता ओली झाली. बँड वाजत होता, लोक ओरडत होते, कोणीतरी म्हणालं की मास्तर गाडी विसरला की काय. एक मिनिटभर ते तसे उभे होते. मग वळून माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमीच बसा मॅडम. मी बाहिरून सांगतो.” आणि वरातीतून, गाडीच्या बाजूने पायी चालत, बोटाने दाखवत दाखवत त्यांनी मला बाहेर काढलं. वऱ्हाडाची खूप करमणूक झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते माझ्या ड्रायव्हिंगमुळे नव्हे.

पुढे टपरीवर चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. आधी ते कन्नडला स्वतःची काळीपिवळी जीप चालवायचे. एकदा घाटात, चढावर, पुढे उसाचा ट्रॅक्टर अडकला होता. जीपमध्ये प्रवासी होते आणि दाराकडच्या जागेवर त्यांची बायको होती.

“म्हणलं येळ हाय तर सुपारी फोडू,” ते म्हणाले. “हँडब्रेक ओढला व्हता, पर नीट नाय ओढला. दोन्ही हात अडकित्त्याला. गाडीला एकबी नव्हता.”

जीप मागे सरकली आणि कठड्याला जाऊन टेकली. बाकी कोणाला खरचटलंही नाही. बायकोचं कोपर मोडलं ते पुन्हा सरळ झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते जीपकडे गेले तर हात मुठीवरून पुढे जाईना. महिनाभर रोज जाऊन पाहिलं. मग जीप विकली आणि सुपारी सोडली. अडकित्ता सुटला नाही. एका नातेवाइकाने दोन ब्रेकची जुनी गाडी दिली, आणि डावीकडे बसल्यावर भीती वाटत नाही असं त्यांना आढळलं. तेव्हापासून ते डावीकडे. आपल्याला ज्याची दहशत बसली ते इतरांना बिनधास्त शिकवण्याची सोय फक्त शिक्षणक्षेत्रात आहे, म्हणून मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी त्यानंतर नीट भेटले. उजवं कोपर काटकोनात अडकलेलं. त्याच हाताने त्यांनी कप न हिंदकळता चहा दिला. मी सहानुभूतीचं काहीतरी पुस्तकी बोलले. त्यांनी ते बाजूला सारलं. माहेरी कन्नडला जायचं तर त्या एकट्या बसने जातात, वाकड्या हाताने दांडा धरून. उस्ताद फाट्यापर्यंत पायी सोडायला जातात.

“मला हाताचं काय नाय वो,” त्या म्हणाल्या. “त्या दिसापासून ह्यांनी मला कुठं नेलं नाय, त्याचं हाय.”

मी चहा प्यायले आणि घरी येऊन उगीच नवऱ्यावर चिडले.

त्याच उन्हाळ्यात कागद आला. शाळेची मान्यता पुढे चालू ठेवायची तर शिकवणाऱ्यालाही नव्या स्वयंचलित ट्रॅकवर चाचणी द्यावी लागणार होती. तिथे शेजारी साहेब बसत नाही. कॅमेरे आणि खांब बघतात, संगणक गुण देतो. आठचा आकडा, मागे घेऊन लावणं, आणि शेवटी चढ. चढावर थांबायचं, आणि गाडी मागे न येऊ देता पुन्हा निघायचं. उस्तादांनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि डबीत, सुपारीवर ठेवला. म्हणजे चाचणी दिली नाही तर पावसाळ्याच्या तोंडाला शाळा बंद. त्या दिवशी अडकित्ता वाजला नाही आणि पुंगळ्यांची मेहुणी, जी तेव्हा शिकत होती, तिने दोन कुंड्या पाडल्या.

आता माझ्यातली तज्ज्ञ जागी झाली. आम्ही तिघंही लायसन मिळून बाहेर पडलो होतो तरी रोज सकाळी मैदानावर जमू लागलो. भीती घालवण्याची शास्त्रीय रीत मला तोंडपाठ होती. सर्वांत सोप्या पायरीपासून सुरू करायचं आणि प्रत्येक पायरीला बक्षीस द्यायचं. मी तक्ता केला. पायरी पहिली, उजव्या दाराकडे बघणे. पायरी दुसरी, मुठीला हात लावणे. अशा दहा पायऱ्या, दोन रंगांच्या शाईत. बक्षीस म्हणून राजगिऱ्याच्या वड्या. उस्ताद आज्ञाधारकपणे दाराकडे बघायचे आणि मी वडी पुढे करायची. मुठीला हात लावला, दुसरी वडी. चौथ्या पायरीवर, म्हणजे इंजिन सुरू करून नुसतं बसण्यावर, ते अडकले ते अडकलेच. दहा दिवस झाले. हाताला घाम सुटायचा आणि ते उतरायचे. वड्या ते तोंडात न टाकता सुलतानला द्यायचे. त्यामुळे ते उजवीकडे बसले की सुलतान धावत यायचा आणि दारात बसून लाळ गाळायचा. म्हणजे माझ्या प्रयोगाचा निष्कर्ष पुस्तकाबरहुकूम निघाला होता, फक्त विद्यार्थी बदलला होता.

“मॅडम,” उस्ताद एका सकाळी अगदी अदबीने म्हणाले, “तुमचं शास्तर खरं असंल. पर मला लाज वाटती.”

नसीमआपा हे सगळं बाजूला बसून, लसूण सोलत बघत होत्या. डब्यांसाठी रोज शेरभर लसूण लागायचा आणि त्यांना वेळ वाया घालवणं माहीत नव्हतं. त्यांनी लसणाचं ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “मैडम, वो कागज अंदर रखो. आदमी डरता तो उसकू सीढी कायकू दिखाते?” मग उस्तादांकडे वळल्या. “उस्ताद, कल से तुम पीछे बैठो. और वो अडकित्ता मेरेकू दे दो.”

उस्तादांना मागे बसवायची कल्पना आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. मैदानाच्या कडेला मुरूम टाकून केलेला एक चढ होता, तिथे आपांनी गाडी नेली. आपा आमच्यातल्या सर्वांत वाईट ड्रायव्हर. हे मी द्वेषाने म्हणत नाही, त्यांच्या व्हॅनच्या चारही कोपऱ्यांवर लिहिलेलं आहे. त्या चढावर थांबल्या, निघाल्या, आणि गाडी हातभर मागे आली. मागे बसलेल्या उस्तादांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. पायाखाली ब्रेक नव्हता, हातात अडकित्ता नव्हता. आपांनी ब्रेक लावला, मान मागे वळवली आणि म्हणाल्या, “गई पीछे. अब्बी आती आगे. कुछ हुआ क्या?” मग अर्धा क्लच, घरघर, आणि गाडी वर. पुन्हा खाली. पुन्हा वर. रोज वीस वेळा. कधी हातभर, कधी वीतभर मागे. कधी इंजिन बंद पडायचं तर आपा अल्लाचं नाव घेऊन हसायच्या. मी आणि पुंगळे ट्रॅकवर साजेल असा चढ चढून दाखवायचो तेव्हा उस्ताद बाहेर बघायचे. आपा चढवायला लागल्या की ते पुढे वाकून बघायचे.

निष्णाताला बघून भित्रा माणूस शिकत नाही, आपल्यासारखाच कोणीतरी चुकतमाकत पार होताना बघून शिकतो. हे माझ्या टिपांत आहे, पान मला पाठ आहे, गुण पाच. मी ते बावीस वर्षं सांगत आले आणि वेळ आली तेव्हा राजगिऱ्याच्या वड्या घेऊन उभी राहिले.

तीन आठवडे असं चाललं. एका सकाळी चढाच्या मध्यावर आपांचं इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे यायला लागली. आपांनी ब्रेक लावला आणि आपलं ते हसू हसल्या. मागून उस्तादांचा आवाज आला, “सरका आपा.”

त्या हँडब्रेक ओढून उतरल्या. उस्ताद मागच्या दारातून उतरून पुढच्या दारातून आत गेले. मुठीवर हात थांबला असेल तर मला दिसला नाही, कारण माझे डोळे भरून आले होते आणि पुंगळे मधे उभे होते. गाडी मागे आली, थांबली, थरथरली आणि वर गेली. पहिल्या गिअरमध्ये त्यांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. सुलतान वडीच्या आशेने शेजारून पळत होता. आपा पुन्हा लसूण सोलायला बसल्या.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं कठड्याबाहेर उभे होतो. काकू आल्या नव्हत्या. त्यांना उस्तादांनी सांगितलंच नव्हतं. आठचा आकडा त्यांनी असा घातला की मला त्याचा फोटो वर्गात लावावासा वाटला. मागे घेऊन लावणंही झालं. मग चढ. ते मध्यावर थांबले. निघायची वेळ आली आणि मला लांबून दिसलं की त्यांचे दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर आले, जिथे एवढी वर्षं अडकित्ता असायचा. गाडी वीतभर मागे आली. खांबावर लाल दिवा लागला. संगणकाला वीतभर आणि घाटभर यातला फरक शिकवलेला नसतो, आणि तो त्याचा दोष नाही.

तिथला कर्मचारी पुढे आला. चांगला माणूस होता. म्हणाला, काका, उतरा, गाडी आमचा ड्रायव्हर काढेल, पुढच्या महिन्यात परत या. उस्ताद उतरले नाहीत.

“गाडी म्या आणली,” ते म्हणाले. “म्याच काढतो.”

आणि नापास झाल्यावर त्यांनी तो चढ पूर्ण केला. वर नेली, पलीकडे उतरवली, दोन रेषांच्या मधोमध लावली आणि मग चावी काढली. ते त्या ट्रॅकच्या हिशेबात कुठेच धरलं जाणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात ते परत गेले नाहीत. मी समजावलं, पुंगळ्यांनी समजावलं, आपा तर भांडल्या. ते फक्त नको म्हणाले. पाटी उतरवली, गाडीचा दुसरा ब्रेक मिस्त्रीकडून काढून घेतला आणि अडकित्ता आपांकडेच राहू दिला. मला राग आला. एवढ्या खटाटोपानंतर शाळाच बंद करायची होती तर आमच्या सकाळी कशाला घालवल्या, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. माझ्या विषयात याला काय म्हणतात ते मी खूप शोधलं. त्यांच्या घरी धाकट्या लेकाची कमाई येत होती, चूल बंद पडणार नव्हती, एवढं कळून मी नाद सोडला. नंतर भेटीही कमी झाल्या.

गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी मी कन्नडला निघाले होते. बाजाराचा दिवस. गाव जवळ आलं आणि पुढे एक गाडी इतकी हळू चालली होती की तिच्यामागे आमची रांग लागली. माझ्यामागचे टेम्पो, जीपा, सगळे हॉर्नवर बसले होते. पुढची गाडी ओळखीची वाटली आणि मग उजव्या खिडकीशी बटण लावलेली पांढरी बाही दिसली. डावीकडच्या सीटवर काकू होत्या. त्यांचं डोकं काचेला टेकलं होतं. काकूंना झोप लागली होती.

उस्तादांनी बाही बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली. मला ओळखलं नसणार, मागच्या कोणालाही त्यांनी तीच खूण केली असती. मी गेले नाही. गावाच्या तोंडाशी एक चढ आहे. बाजाराच्या गर्दीने तिथे सगळं थांबलं आणि उस्तादांची गाडी बरोबर मध्यावर उभी राहिली. मी चांगलं चार हात अंतर सोडलं. मागचे मला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रांग हलली. उस्तादांची गाडी वीतभर मागे आली. मग थांबली, थरथरली आणि वर गेली. काकूंची मान जराशी हलली आणि पुन्हा काचेला टेकली. त्यांना जाग आली नाही.